नीहारबौदींची हिरवी खिडकी

आमच्या गदाधर दप्तरी गल्लीत राहायचं तर दोन गोष्टी सोसायची तयारी लागते. एक खळीचा वास आणि दुसरे कवी. खळीचा वास सकाळपासून येतो, कारण गल्लीच्या दोन्ही अंगांना पुस्तकं शिवणाऱ्यांच्या खोल्या आहेत. कवी दुपारनंतर येतात. कॉलेज स्ट्रीटवरच्या प्रकाशकांनी ‘बघू, पुढच्या महिन्यात या’ असं सांगून वाटेला लावलं की ते ट्रामचे रूळ ओलांडून सरळ आमच्याकडे वळतात. कारण आमच्याकडे ओटा आहे.

ओटे कलकत्त्यात घरोघर आहेत, हे मला कोणी सांगायला नको. पण आढ्यांच्या घराचा ओटा तो आढ्यांचा ओटा. दुपार कलली की त्याच्यावर सावली येते. त्याच्यावर सहा माणसं ऐसपैस बसतात, दाटीवाटीने आठ, आणि कोणी खंडकाव्य बाहेर काढलं की तीन. या शहरातल्या निम्म्या लेखकांनी आपलं पहिलं लिखाण या ओट्यावर वाचलं आहे. उरलेल्या निम्म्यांना जागा मिळाली नाही.

ज्याचं नाव गल्लीला आहे तो गदाधर कोणी राजा नव्हता. पुस्तकं शिवणारा माणूस. ज्या जमीनदारांनी त्याच्याकडून सोनेरी कडांची पुस्तकं बांधून घेतली, त्यांच्या नावाचा साधा बोळसुद्धा आज उरलेला नाही, हे मी शाळेत मुलींना मुद्दाम सांगायची. मी भूगोल शिकवला, म्हणून माझ्याकडे कोणी कविता घेऊन येत नसे. आढ्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू म्हणून आले ती कायमचीच, आणि आज जी गोष्ट सांगते आहे ती खालच्या मजल्यावरच्या नीहारबौदींची आहे. बौदी म्हणजे वहिनी. त्या सगळ्या गल्लीच्या वहिनी होत्या.

ओट्याला लागूनच त्यांच्या खोलीची खिडकी. हिरवी, आडव्या फळ्यांची. आत एक दांडी असते. ती खाली ओढली की सगळ्या फळ्या खट्‌दिशी मिटतात, वर सारली की उघडतात. दुपारची जेवणं आटोपली की बौदी त्या खिडकीशी बसायच्या, सुपात डाळ नाहीतर मांडीशी विळी घेऊन. बाहेरच्यांना फळ्यांच्या फटीतून साडीचा काठ दिसायचा, कधी बोटं दिसायची. चेहरा कधीच नाही.

आणि ही खिडकी त्या ओट्याची परीक्षक होती. हे मला स्वतःला फार उशिरा कळलं, पण सांगताना आधी सांगते. नियम असा होता की कोणी वाचत असताना फळ्या उघड्या राहिल्या तर लिखाण पास. मध्येच मिटल्या तर नापास. मिटल्या क्षणी लेखकाने वाचणं थांबवायचं, कागदाची घडी करून खिशात घालायची आणि सगळ्यांना कोपऱ्यावरच्या टपरीत नेऊन चहा पाजायचा. चर्चा नाही, रडारड नाही.

हा नियम फटिकदांचा. फटिक सामंत. एका त्रैमासिकाचे संपादक, मालक आणि बऱ्याच अंकांचे एकमेव ग्राहक. तपकिरीची चिमूट नाकाशी नेऊन ते असं काही बोलायचे की समोरच्याला वाटावं, हे कुठेतरी छापून आलेलं असणार. एकदा एक जाडजूड मिशांचा कथाकार ओट्यावर आपल्या आईच्या शेवटच्या आजारपणाची कथा वाचत होता. चांगली रंगात आली होती. तेवढ्यात खट्‌. फळ्या मिटल्या. मिशांना कंप सुटला. फटिकदांनी तपकीर ओढली आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, “ऐकलंत? वाचक उठून गेला.”

“अहो, त्यांना काहीतरी काम असेल,” मिशा म्हणाल्या.

“काम? वाचकाला काम आठवलं, इथेच तुम्ही हरलात. टीकाकार चहावर फितूर होतात, मित्र सिगरेटवर. ही खिडकी कोणाचं काही घेत नाही. आजपासून खिडकी म्हणेल ते प्रमाण.”

त्यानंतर ती प्रथाच पडली. प्रकाशकसुद्धा नव्या लेखकाला विचारायचे, “आढ्यांच्या ओट्यावर वाचलंत का? खिडकी काय म्हणाली?” फक्त एक पथ्य फटिकदांनी कडक ठेवलं होतं: बौदींच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये. त्यांना कळलं तर त्या जाणूनबुजून मतं द्यायला लागतील आणि निकाल बिघडेल. म्हणून निकालाचं बोलणं टपरीत व्हायचं, ओट्यावर नाही. पुरुषांना एखादी गोष्ट वर्षानुवर्षं पोटात ठेवता येते याचा हा एकच पुरावा मी पाहिला आहे.

आता खिडकीच्या आतली बाजू.

नीहारकणा मूळची चंदननगरची. बाप स्टेशनवर कारकून होता, वाचायचा नाद असलेला, त्याने मुलीलाही तो लावला. मग रीतीप्रमाणे वाचणारी मुलगी कागदाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. गोष्ठबाबू आढ्य माणूस सोन्यासारखा, पण कागद त्यांना फक्त वजनाने कळायचा. बैठकखाना नावाच्या बाजारात त्यांचं दुकान होतं आणि छापखान्यात बिघडलेले फॉर्मे पुड्या बांधायला म्हणून घरी यायचे. एका फॉर्म्याची सोळा पानं. नव्या नवरीने तेच वाचायला घेतले. कुठल्यातरी कादंबरीची मधलीच सोळा पानं. नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे आणि फॉर्मा संपला.

“अहो, याच्या पुढचा आणा ना,” ती नवऱ्याला म्हणायची.

गोष्ठबाबू बिचारे रद्दीच्या ढिगात हात घालून शोधायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याच पुस्तकाचा घेऊन यायचे. “हा घे. हाही सोळा पानांचाच आहे,” ते म्हणायचे. यावर रागवायचं तरी कसं, असं बौदी मला विचारायच्या आणि हसायच्या. त्या विहिरीच्या काठावरच्या बाईचं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही.

म्हणून ओट्यावरचं वाचन ही त्यांची चैन होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कोणीतरी एक गोष्ट वाचली, आणि खिडकीशी बसलेल्या नीहारच्या डोळ्यांना धार लागली. सासूने ते पाहिलं. धावत येऊन तिने दांडी ओढली. “अगं ए, डोकं फिरलं का तुझं? सून खिडकीत बसून रडतेय! बाहेर ते सगळे लिहिणारे बसलेत. उद्या छापतील, आढ्यांच्या घरात सुनेला छळतात म्हणून!”

तेव्हापासून सवय लागली. डोळे भरून येतायत असं वाटलं की आधी दांडी ओढायची, मग पदर डोळ्यांना लावायचा. सासू गेली, सवय राहिली. मी वरून खाली येऊन त्यांच्याजवळ बसायला लागले, तेव्हा कितीदा तरी पाहिलं आहे. बाहेर कोणी मन लावून वाचतंय, बौदींचा विळीवरचा हात थांबतो, ओठ थरथरतात, खट्‌. मला त्यात नवल वाटलं नाही. चारचौघांत रडायला मलाही आवडत नाही.

म्हणजे बघा. जे लिखाण या बाईच्या काळजाला भिडलं ते नापास, आणि जे ऐकता ऐकता तिने शांतपणे शेरभर मसूर निवडून ठेवले ते पास. फटिकदांचं त्रैमासिक या पास झालेल्या मालाने भरलेलं असायचं. ते वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेलच तर जांभईमुळे.

बौदींची या लेखकांबद्दल एकच तक्रार होती. “काय गं मास्तरीण,” त्या मला म्हणायच्या, “ही तुमची लिहिणारी मंडळी धड शेवट का करत नाहीत? ऐन रंगात आणतात आणि गप्प बसतात. मग उठून चहाला जातात. माझ्या नशिबी सगळं सोळाच पानांचं.”

“नवीन पद्धत असेल, बौदी,” मी म्हणायची. मला काय कळतंय त्यातलं.

“पेटवा म्हणावं ती पद्धत. आता तो नावाडी. जेवायला गेला की नाही, तेवढं तरी सांगायचं.”

हा नावाडी मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की तो आमच्याच गल्लीत राहतो असं वाटायला लागलं होतं. मी येण्याच्या पुष्कळ आधी, एका हिवाळी दुपारी, अवनी माइती नावाच्या मुलाने ओट्यावर आपल्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचलं होतं. मेदिनीपूरकडचा मुलगा, एका क्रमिक पुस्तकांच्या प्रकाशकाकडे प्रुफं तपासायचा, मेसमध्ये राहायचा. प्रकरण असं. हल्दी नदीच्या घाटावर एक म्हातारी रोज तिन्हीसांजेला येते आणि परागंदा झालेल्या मुलाला हाका मारते. ‘पानू, जेवायला ये रे.’ तिथला नावाडी त्या हाकांनी विटून गेलेला. एके दिवशी समोरचं काही दिसत नसताना तो नदीच्या मधोमधून उत्तर देऊन बसतो. ‘आलो गं!’ म्हातारी हाक मारायची थांबते. वळते. घरी जाते, आणि तिच्या चुलीचा जाळ त्याला नदीतून दिसतो. तिने भात चढवला आहे. आता नावाडी नावेत बसून आहे.

इथे खट्‌ झालं होतं. आणि अवनी थांबला होता.

बौदी मात्र पुढची कित्येक वर्षं दुर्गापूजेचे अंक उलटेपालटे करून शोधत राहिल्या. दर शरदात गोष्ठबाबूंकडून, आणि ते गेल्यावर माझ्याकडून, त्या सगळे अंक मागवून घ्यायच्या आणि आधी लेखकांच्या नावांवरून बोट फिरवायच्या. माइती काही सापडायचा नाही. “मेला की काय गं तो?” असं एकदा त्यांनी मला अगदी घाबऱ्या आवाजात विचारलं होतं.

मेला नव्हता. चांगला गुटगुटीत झाला होता. पहिल्या बैशाखाला, आमच्या वर्षारंभाला, प्रकाशक आपल्या लेखकांना बोलावतात. शहाळं, संदेशाची मिठाई, गुलाबपाणी, आणि एकमेकांच्या पुस्तकांची तोंडावर स्तुती. माझं सहावीचं भूगोलाचं पुस्तक जिथून निघायचं तिथे मी दरवर्षी जायची. त्या वर्षी तिथे परीक्षांची गाइडं लिहिणारं एक मोठं प्रस्थ आलं होतं. रेशमी झब्बा, सोन्याची बटणं. शेजारी एक नवा कवी पडेल चेहऱ्याने बसला होता, त्याला ते धीर देत होते.

“संपादकाने परत पाठवलं म्हणून कसला रडतोस? मला तर एका खिडकीने नापास केलं होतं!” आणि त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. ओटा, नियम, फटिकदा, खट्‌. “त्याच रात्री ठरवलं, आपलं हे काम नव्हे. खिडकीच्या कृपेने आज तीन मजली घर आहे.”

“वा, अवनीबाबू!” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी हातातलं शहाळं खाली ठेवलं.

“अवनीबाबू,” मी विचारलं, “तुमच्या त्या प्रकरणात नावाडी होता का?”

ते हसायचे थांबले. “तुम्हाला कसं ठाऊक?”

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. रिक्षा करून तडक घरी आले. बौदी परवर चिरत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं: खिडकीची परीक्षा, पास, नापास, मिटल्यावर थांबायचं, चहा.

त्यांनी विळी आडवी केली. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “म्हणजे ती गोष्ट तिथे संपत नव्हती?”

“नव्हती.”

“पुढे होती? त्याच्या हातात कागद होते पुढचे?”

“असणारच.”

त्यांनी चिरलेली परवरं ताटलीत गोळा केली. मग म्हणाल्या, “मिशावाल्याची आईसुद्धा?” मी मान हलवली. “आणि ती आंधळ्या पेटीवाल्याची गोष्ट? आणि तो पोरगा, बहिणीच्या लग्नाची वाचणारा? अगं, जे जे मला आवडलं त्या सगळ्यांची तोंडं मीच बंद केली की गं.” त्यांचा आवाज फाटला. त्या दिवशी पहिल्यांदा त्या दांडी न ओढता रडल्या. ओट्यावर तेव्हा कोणी नव्हतं, ते सोडा.

मग तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी मला त्याच्याकडे ने.”

आता ही बाई लग्न होऊन आल्यापासून गंगास्नान, कालीघाट आणि माहेर याखेरीज कुठे गेलेली मी पाहिली नव्हती. परक्या पुरुषाच्या घरी आपणहून जाणं तर दूरच. पण दुसऱ्या दिवशी त्या लाल काठाची नव्हे, विधवेची पांढरी पण कडक इस्त्रीची साडी नेसून, नारळाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ट्राममध्ये माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, “मी बोलेन. तू भूगोल शिकवतेस.”

अवनीबाबूंनी दार उघडलं. मी ओळख करून दिली. ज्या बाईने आपल्याला नापास केलं तिचा चेहरा ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. 

“जेवायला गेला का?” बौदींनी उंबऱ्यातच विचारलं.

“कोण?”

“कोण काय? तुझा नावाडी.”

आम्ही आत बसलो. बौदींनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की झडप मी लावली ती रडू आलं म्हणून, आणि हेच मी सगळ्यांचं करत आले. अवनीबाबूंचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ते उठून कपाटाशी गेले. कपाटात त्यांचीच गाइडं ओळीने लावलेली होती.

“आवडली होती तुम्हाला?” ते आमच्याकडे पाठ करूनच बोलले. “बौदी, एक हुंकार द्यायचा होतात. नुसतं आतून नाक शिंकरलं असतंत तरी चाललं असतं. मी मेसवर गेलो आणि वडिलांना कळवून टाकलं, तुमचंच खरं, मला काही येत नाही. ते त्याच समाधानात गेले. आणि आज तुम्ही लाडू घेऊन येता?”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण बौदी ढळल्या नाहीत.

“हे बघ अवनी, मी झडप लावली, तुझं तोंड नाही बांधलं. तू थांबलास का? एका बाईने खिडकी लावली म्हणून? तेवढी चूक तुझी. तू थांबलास हे मला कळलं नाही, ती माझी. माझी मी निस्तरायला आलेय. कुठंय ती कादंबरी?”

“रद्दीत घातली. आता आठवतही नाही.”

“मला आठवते,” बौदी म्हणाल्या आणि त्यांनी सांगायलाच सुरुवात केली. घाट, म्हातारी, तिच्या हातातला मिणमिणता कंदील, पानूला मारलेली हाक. वाचल्यासारखं नव्हे, शेजारच्या घरात काल घडलेलं सांगावं तसं. “...आणि नदीवर असं दाट धुकं पडलेलं...”

“धुकं नव्हतं,” अवनीबाबू एकदम म्हणाले. “धूर होता. काठावर लोक भाताचं तूस जाळत होते, त्याचा धूर पाण्यावर उतरला होता. धुक्यात आवाज दबतो. धुरात त्याची हाक स्पष्ट गेली, म्हणून तर...”

“आठवत नाही म्हणालास,” बौदी हसल्या. “मग? गेला का जेवायला?”

“तेव्हा मी लिहिलं होतं की तो नाव वल्हवत दूर दुसऱ्या घाटाला निघून जातो. तरणा होतो. निघून जाणं मला फार मोठं वाटायचं.”

“आणि आता?”

ते हातातल्या लाडवाकडे बघत बसले. निघताना बौदी म्हणाल्या, “मला तोंडी सांगू नकोस. लिही, आणि ओट्यावर येऊन वाच. मी वाट बघायला पक्की आहे, ते तुला आता ठाऊक झालंच.”

गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. फटिकदा तेव्हा काठी टेकत यायचे, पण तपकीर तशीच. मला वाटलं म्हातारा खचेल. त्यांनी दोन चिमटी एकामागून एक ओढल्या आणि म्हणाले, “सिद्धांत बरोबरच होता, मास्तरीणबाई. फक्त उलटा होता.” मात्र त्यानंतर पुष्कळ दिवस ते खिडकीकडे पाठ करून बसायचे.

अख्खा उन्हाळा गेला. पूजा आली आणि गेली. अवनीबाबूंचा पत्ता नाही. परीक्षा जवळ आल्या की गाइडं लिहिणाऱ्याला मरायलाही फुरसत नसते, असं मी बौदींना सांगून पाहिलं. त्या ‘हो’ म्हणायच्या आणि खिडकीशी बसायच्या. दांडीला त्यांनी एक सुतळी बांधून ती वरच्या खिळ्याला अडकवून टाकली होती, चुकूनसुद्धा मिटू नये म्हणून. मला मनातून वाटायचं, नाही येणार हा माणूस. तीन मजली घरातून ओट्यावर उतरून येणं सोपं नसतं.

अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, नवा गूळ बाजारात आला त्याच सुमाराला, एका रविवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी रेशमी नव्हे तर साधा सुती झब्बा दिसला. बगलेत कागद. अवनीबाबू ओट्यापाशी आले, फटिकदांना नमस्कार केला आणि नेहमीच्या वाचणाऱ्याच्या जागी, खिडकीच्या बाजूला, बसले. ते कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होते ते मला वरच्या गॅलरीतून दिसत होतं.

ते खिडकीकडे बघत होते. खिडकीत कोणीच नव्हतं.

मग घराचं दार उघडलं आणि नीहारबौदी बाहेर आल्या. इतकी वर्षं त्या ओट्याला लागून राहिल्या, पण त्याच्यावर त्या कधी बसलेल्या नव्हत्या. ओटा पुरुषांचा होता. फटिकदा काठीशिवाय उभे राहिले, धोतराच्या सोग्याने त्यांनी आपली जागा झटकली आणि म्हणाले, “बसा, बौदी. परीक्षकांनी समोर बसावं.”

“परीक्षक तुमचे तुम्ही,” बौदी बसता बसता म्हणाल्या. “मी ऐकायला आलेय.”

मीही खाली येऊन दाराशी उभी राहिले. अवनीबाबूंनी वाचायला सुरुवात केली. घाट, म्हातारी, कंदील, तुसाचा धूर, ‘आलो गं’. चुलीचा जाळ. नावाडी नावेत बसून आहे. जिथे झडप मिटली होती ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी एक क्षण श्वास घेतला आणि पुढे गेले.

नावाडी नाव बांधतो. बांधून पुन्हा सोडतो. पुन्हा बांधतो. चिखल तुडवत तो म्हातारीच्या अंगणात जातो, तोंडावर गमछा गुंडाळून, उजेडाकडे पाठ करून बसतो. म्हातारी त्याच्यापुढे पान मांडते. भात, डाळ, चिंचेचं माशाचं कालवण. तो मान खाली घालून जेवतो, एक शब्द न बोलता, कारण आवाज ओळखू येईल. म्हातारी पुन्हा भात वाढते आणि वाढता वाढता हळूच म्हणते, ‘उद्यापण हाक दे हं, नावाड्या.’

ओट्यावर कोणी हललं नाही. बौदींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पदर त्यांनी उचललाच नाही. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, समोरच्या बायंडरच्या खोलीतली माणसंसुद्धा सुया हातात धरून बघत असताना, आढ्यांची सून ओट्यावर बसून रडत होती.

अवनीबाबूंनी मान वर केली. बौदींचा चेहरा दिसला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी कागद मिटायला घेतले.

“थांबलास का?” बौदी ओल्या आवाजात त्यांच्यावर खेकसल्या. “माझ्या रडण्याकडे काय बघतोस? पुढचं पान काढ. वाच!”